पडक्या खांबांचं कूळ : रोम ते वेरूळ

अमेरिकेत ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात जोव्हान्नी पाओलो पानिनी या इटालियन चित्रकाराचं 1737 सालचं एक चित्र आहे. त्यात रोमचं पँथिऑन आहे आणि त्याच्या आसपास प्राचीन रोमच्या इतर नामांकित वास्तू जमल्या आहेत. या जातीची चित्रं पानिनीने पुष्कळ काढली. एका चित्रात कोलोसियमला लागून सम्राट त्राजानचा विजयस्तंभ उभा असतो, दुसऱ्यात मार्कस ऑरेलियसचा अश्वारूढ पुतळा किंवा फार्नेसे घराण्याचा धिप्पाड हर्क्युलिस मध्येच येऊन उभा राहतो. पुढच्या अंगाला फुटके शिल्पपट्ट आणि आडवे पडलेले खांब, त्यांवर टेकून गप्पा मारणारी माणसं, मागे पिवळसर ऊन आणि मोकळं आकाश. पाहणाऱ्याला वाटतं, चित्रकाराने रोममधली एखादी मोक्याची जागा हेरली असणार.

रोममध्ये अशी जागा नाही. पँथिऑन आणि कोलोसियम यांच्यात साधारण दीड किलोमीटरचं अंतर आहे आणि मध्ये दाट वस्ती. मार्कस ऑरेलियस पानिनीच्या काळात कॅपिटोलिन टेकडीवर, मायकेलअँजेलोने आखलेल्या चौकात होता. हर्क्युलिस तर फार्नेसेंच्या वाड्यात, छपराखाली होता. पानिनीने सगळे आपल्या कॅनव्हासवर बोलावून घेतले. अशा जुळवून रचलेल्या चित्राला इटलीत काप्रिच्चो म्हणत, आणि ते घेणाऱ्याला ही जुळवाजुळव ठाऊक असे. त्याला तीच हवी असे.

म्हणून भग्न वास्तूंचं चित्र वाचायला बसताना ‘हे कुठलं ठिकाण?’ या प्रश्नाने फारसं काही हाती लागत नाही. ‘हे कोणी, कशासाठी उभारलं?’ हा प्रश्न बरंच काही देतो. पडझड निसर्ग करतो, काळ करतो, माणसंही करतात. पडझडीचं चित्र मात्र एकेक खांब पारखून उभारावं लागतं. उभारण्याची ही पद्धत कुठून आली आणि कुठवर गेली, याचा माग काढत गेलं की वाट शेवटी वेरूळच्या डोंगरात येते.

सुरुवात देवघरातली आहे. पंधराव्या शतकात इटलीत येशूजन्माची चित्रं निघत, त्यांत गोठ्याच्या मागे पडक्या कमानी आणि तुटके खांब दिसू लागतात. बोत्तिचेल्लीचं फ्लोरेन्समधलं 1475च्या सुमाराचं चित्र पाहावं. तीन राजे बाळाच्या पाया पडताहेत आणि बाजूला प्राचीन इमारतीचे अवशेष आहेत. यामागे एक कथा आहे. तेराव्या शतकातल्या ‘सुवर्णकथा’ या संतचरित्रांच्या संग्रहात ती येते. रोमनांनी शांतीचं देऊळ बांधलं आणि ते किती काळ टिकेल असं देवाला विचारलं. कुमारिकेला मूल होईपर्यंत, असं उत्तर आलं. हे अशक्यच, असं समजून लोक निश्चिंत झाले, आणि ख्रिस्तजन्माच्या रात्री देऊळ कोसळलं. म्हणजे चित्रातला पडका खांब आरंभी शोभेचा नव्हता. जुने देव गेले आणि नवा आला, अशी ती सरळ घोषणा होती. पडझड विजयाची खूण होती, आणि ती खूण जिंकणाऱ्याने काढलेली होती. पुढच्या साऱ्या प्रवासात ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी.

खऱ्या रोममध्ये तेव्हा काय होतं? प्राचीन रोमचा मुख्य चौक, फोरम, मातीत बुजून त्याचं कुरण झालं होतं. लोक त्याला गायरान म्हणत, तिथे गुरांचा बाजार भरे. कोलोसियम ही शहराची फुकटची दगडखाण होती. तिथले ट्रॅव्हर्टाइनचे चिरे गाड्या भरभरून नव्या वाड्यांना आणि चर्चना जात. चुन्याच्या भट्ट्यांत संगमरवरी मूर्ती जाळून चुना पाडत. राफाएलला हे पाहवेना. पोपच्या नावाने त्याने 1519च्या सुमाराला लिहिलेलं पत्र आजही वाचायला मिळतं. त्यात ही नासधूस थांबवा आणि उरलं आहे त्याची नीट मापं घेऊ द्या, अशी कळकळीची विनंती आहे.

अवशेषांकडे अवशेष म्हणून टक लावून पाहिलं ते उत्तरेकडून आलेल्यांनी. मार्टेन व्हॅन हीम्सकर्क हा डच चित्रकार 1532मध्ये रोमला आला, काही वर्षं राहिला आणि वह्याच्या वह्या भरून पडक्या वास्तू रेखाटत राहिला. घरी परतल्यावर 1553मध्ये त्याने स्वतःचं व्यक्तिचित्र काढलं, त्यात मागे कोलोसियम आहे आणि त्याच्यासमोर बसून चित्र काढणारा एक माणूसही. रोमच्या माणसाला ती रोजच्या वाटेवरची दगडखाण होती. परक्याला मात्र तिथे एक अख्खं गेलेलं जग दिसलं. भग्नचित्राचा पहिला डोळा पाहुण्याचा आहे.

सतराव्या शतकात क्लोद लोरँ या फ्रेंच चित्रकाराने या अवशेषांना हवा आणि ऊन दिलं. तो तरुणपणी रोमला आला आणि जवळजवळ सारं आयुष्य तिथेच राहिला. त्याची मांडणी साधी आणि फार परिणामकारक होती. पुढे अंधारी जमीन, एका बाजूला मोठं झाड किंवा देवळाचे खांब, मधल्या पट्ट्यात पाणी आणि प्रकाश, मागे निळसर होत विरणारं क्षितिज. नजर काळोखातून उजेडाकडे आपोआप ओढली जाते. तोही जुळवाजुळव करत असे. 1637च्या बंदराच्या चित्रात त्याने रोमच्या टेकडीवरचा मेदिची वाडा थेट समुद्रकाठी आणून ठेवला आहे. ही मांडणी इंग्रजांच्या इतकी अंगवळणी पडली की त्यांचे धनिक आपल्या बागाही क्लोदच्या चित्रासारख्या आखून घेऊ लागले.

पानिनीचं खरं घराणं मात्र रंगभूमीचं आहे. या कुळकथेतला हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. तो 1691मध्ये प्याचेंत्सात जन्मला. तिथे त्याचं शिक्षण झालं ते यथादर्शन (पर्स्पेक्टिव्ह) आणि नाटकाचे पडदे रंगवणाऱ्यांच्या परंपरेत. त्या काळी या क्षेत्रात बिब्येना घराण्याचा दबदबा होता. फेर्दिनान्दो बिब्येनाने 1711मध्ये एक ग्रंथ छापून रंगमंचाची एक नवी रीत मांडली. तोवर पडद्यावरचा महाल समोरून दिसे, सगळ्या रेषा मधल्या एका बिंदूकडे धावत आणि तो देखावा राजाच्या आसनावरून तेवढा बरोबर दिसे. बिब्येनांनी महाल तिरपा फिरवला. कोपरा प्रेक्षकाकडे आला, दोन्ही बाजूंच्या खांबांच्या ओळी वेगवेगळ्या दिशांना निघून पडद्याबाहेर गेल्या. वास्तू मंचावर मावेनाशी झाली आणि प्रेक्षकाच्या मनात ती वाढतच राहिली.

हे समजलं की पानिनीच्या कमानी अर्ध्यात का कापलेल्या असतात ते उलगडतं. त्याच्या चौकटीत अख्खी इमारत क्वचितच बसते. डावीकडचा खांब वर चौकटीबाहेर जातो, कमानीचं दुसरं टोक दिसत नाही. वास्तूची भव्यता तिच्या मापातून येते त्याहून अधिक या कापण्यातून येते. इथे पडझड चित्रकाराच्या कामालाच येते. अख्ख्या देवळाची भिंत नजर अडवते. छप्पर पडलेलं, भिंत ढासळलेली असली की आत ऊन उतरतं, मागचा स्तंभ दिसतो, त्याच्या मागची टेकडी दिसते. भोकं पडलेली वास्तू चित्रात खोली निर्माण करते, तेही खऱ्या इमारतीच्या नियमांना फाटा न देता.

माणसांची सोय निराळी असे. पानिनीच्या आधी, सतराव्या शतकात, व्हिव्हियानो कोदात्सी हा वास्तूच रंगवणारा चित्रकार होता. खांब, कमानी, सावल्या तो करी आणि माणसं दुसरा चित्रकार भरी. पानिनीने रोमला आल्यावर माणसं काढायचंही रीतसर शिक्षण घेतलं आणि दोन्ही कामं आपल्याच हातात ठेवली. तरी जोड दिसतोच. ही माणसं आधी खांबांची मोजपट्टी आहेत. माणूस जितका लहान तितका खांब उंच. पिरानेसी या ताम्रपट कोरणाऱ्या कलावंताने हे टोकाला नेलं. तो 1740मध्ये व्हेनिसहून रोमला आला आणि पुढे रोमच्या दृश्यांचे 135 ताम्रपट त्याने कोरले. त्याच्या चित्रांतली माणसं इतकी बारीक आणि वाकडीतिकडी असतात, की त्यांच्याशी ताडून पाहिलेल्या भिंती राक्षसांनी बांधल्यासारख्या वाटतात. त्याची चित्रं पाहून रोमला गेलेल्या कित्येकांना खरं रोम लहान वाटलं.

अशा चित्रांत आणखी एक गोष्ट शोधावी : काय पडलेलं नाही? पँथिऑन पडलं नाही, कारण 609मध्ये त्याचं चर्च झालं. मार्कस ऑरेलियसचा ब्राँझ पुतळा वितळवला गेला नाही, कारण मध्ययुगात लोक त्याला ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टंटाइन समजत. वापरात राहिलं ते टिकलं. पानिनी पडलेलं आणि टिकलेलं एकाच सोनेरी उन्हात ठेवतो, म्हणून हा फरक चटकन कळत नाही. भिंतींवरची झुडपं मात्र खोटी नाहीत. रिचर्ड डीकिन या इंग्रज वनस्पतिज्ञाने 1855मध्ये एकट्या कोलोसियममधल्या 420 जातींच्या वनस्पतींची नोंद करून पुस्तक काढलं. पुढे पुराणवस्तूवाल्यांनी त्या खरवडून काढल्या. आजचं उघडंबोडकं कोलोसियम पाहून पानिनीच्या वेली कल्पित वाटतात, पण त्या तिथे होत्या.

पानिनी रोममधल्या फ्रेंच अकादमीत यथादर्शन शिकवत असे. 1754मध्ये तिथे ह्यूबेर रोबेर नावाचा एकविशीचा तरुण पॅरिसहून आला. तो अकरा वर्षं रोममध्ये राहिला, परतल्यावर लोक त्याला ‘अवशेषांचा रोबेर’ म्हणू लागले. त्याचे अवशेष गजबजलेले असतात. पुतळ्याच्या हाताला दोरी बांधून बायका कपडे वाळत घालतात, सम्राटाच्या स्नानगृहात गुरं पाणी पितात. 1767च्या पॅरिसमधल्या प्रदर्शनात ही चित्रं पाहून दिदरो हा तत्त्वज्ञ लेखक भारावला आणि त्याने अवशेषांवर पानंच्या पानं लिहिली. त्याची तक्रार एकच होती, चित्रात माणसं फार आहेत. त्याला एकांत हवा होता. सगळं नाहीसं होतं हा विचार त्याला तिथे एकट्याने करायचा होता. मला या वादात रोबेर जवळचा वाटतो. कपडे वाळत घालणाऱ्या बाईला काढून टाकलं की वास्तू फक्त विचार करणाऱ्याची उरते आणि तिथे राहणाऱ्याचा हक्क चित्रातून पुसला जातो.

राज्यक्रांतीत रोबेर तुरुंगात पडला, गिलोटिनपासून वाचला आणि नंतर लूव्र संग्रहालयाच्या कामात आला. 1796मध्ये त्याने लूव्रच्या मोठ्या दालनाची दोन चित्रं केली. एकात दालन कसं सजवावं याची योजना आहे. दुसऱ्यात तेच दालन भविष्यात कोसळलेलं आहे. छप्पर गेलं आहे, ढिगाऱ्यात अपोलोचा पुतळा तेवढा शाबूत आहे आणि एक तरुण खाली बसून त्याचं चित्र काढतो आहे. हीम्सकर्कच्या चित्रातला चित्र काढणारा माणूस अडीचशे वर्षांनी इथे परत भेटतो. सोळाव्या लुईची सत्ता, तिचे महाल, सगळं आपल्या डोळ्यांदेखत हललेलं पाहिलेल्या माणसाने स्वतःच्या शहरावर लावलेली ही नजर आहे. स्वतःच्या घराला अवशेष म्हणून पाहायला फार मोठं धैर्य लागतं.

इंग्रजांनी ही नजर दुसऱ्याच्या घराकडे वळवली. क्लोदच्या वळणावर चालणारा चित्रकार रिचर्ड विल्सन, त्याचा शिष्य विल्यम हॉजेस. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीत चित्रकार म्हणून जाऊन आलेला हा हॉजेस 1780मध्ये हिंदुस्थानात आला आणि वॉरन हेस्टिंग्जचा त्याला आश्रय मिळाला. 1785 ते 1788 या काळात त्याने हिंदुस्थानातल्या दृश्यांची 48 चित्रं छापून काढली. त्याच्या मागोमाग टॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम आले. मशिदी, मकबरे, घाट, देवळं त्यांनी कॅमेरा ऑब्स्क्युरा या प्रतिमा पाडणाऱ्या पेटीच्या साहाय्याने अचूक उतरवून घेतली आणि 1795 ते 1808 या काळात 144 चित्रांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. रेषा अचूक, पण चौकट जुनीच : पुढे सावली, बाजूला झाड, मध्ये उन्हातली वास्तू, पायथ्याशी चार बारीक माणसं. येशूच्या गोठ्यामागचा पडका खांब सांगत होता की जुने देव गेले. मोगलांचे ढासळते मकबरे लंडनच्या दिवाणखान्यात तेच सांगू लागले, की जुने राज्यकर्ते गेले, आता आम्ही. चित्रकारांच्या मनात असो वा नसो, विकत घेणाऱ्याला ते ऐकू येत होतं.

1793मध्ये डॅनियल मुंबईत आले. तिथे त्यांना जेम्स वेल्स भेटला. हा स्कॉटलंडचा चित्रकार 1791मध्ये मुंबईत उतरला होता. पुण्यात इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्या ओळखीने तो पेशव्यांच्या दरबारात पोचला. नाना फडणविसांसह सवाई माधवरावाचं त्याने काढलेलं चित्र आपल्या ओळखीचं आहे, मूळ लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. वेल्सला लेण्यांनी झपाटलं. घारापुरी, कान्हेरी, कार्ले आणि वेरूळ इथे त्याने चित्रं काढली आणि 1795मध्ये तापाने तो मेला. त्याची वेरूळची चित्रं टॉमस डॅनियलने 1803मध्ये 24 छापचित्रांच्या संग्रहात काढली. मॅलेटने पुढे वेल्सच्याच मुलीशी, सुसानाशी लग्न केलं.

आता वेरूळचं कैलास लेणं या चौकटीत कसं बसावं? पडझडीच्या चित्राला आधी रचलेली वास्तू लागते. कैलासात काही रचलंच नाही. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, डोंगर वरून खाली कोरत आणला. मराठी ‘कथाकल्पतरू’त याची गोष्ट आहे. एलापूरच्या राजाची राणी माणिकावती, देवळाचं शिखर पाहीन तेव्हाच जेवेन असा तिचा नवस, आणि पैठणच्या कोकसाने आधी शिखरच कोरून तिचा उपास सोडवला. कोरण्याची ही अवघड रीत लोकांनी एका राणीच्या भुकेत नीट सांभाळून ठेवली आहे. या कथेत पडलेलं काहीच नाही.

डॅनियलच्या छापचित्रांत मात्र कड्यावरची झुडपं, पुढची सावली, प्रकाशात उजळलेले स्तंभ, सगळं क्लोद आणि पानिनीच्या शिस्तीने येतं. चित्रं देखणी आहेत, मापाला प्रामाणिक आहेत, त्यांचं मोल मी कमी करणार नाही. पण त्यांच्याखाली दिलेली नावं वाचावीत. जानवसा, कुमारवाडा, घाणा, नीलकंठ महादेव, रामेश्वर, दशावतार, दो ताल, तीन ताल, विश्वकर्मा. ही गावची नावं आहेत. वऱ्हाडाला उतरायला जानवसा, मुलांना वाडा, तेल्याला घाणा. वेरूळच्या लोकांनी लेणं लेणं आपल्या संसारात वाटून घेतलं होतं. चक्रधरस्वामी तेराव्या शतकात इथल्या लेण्यांत राहून गेले. शेजारच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार होळकरांच्या घरातल्या बायकांनी अठराव्या शतकातच केला, म्हणजे वेल्स आला तेव्हा ते काम ताजं होतं. चित्रातली नजर सांगते की इथलं सगळं होऊन गेलं. खालची नावं सांगतात की इथे माणसं नांदताहेत. या चित्रांसमोर बसलं की दोन्ही वाचावं लागतं.

आणखी एक नाव आहे, ते 1803च्या संग्रहाच्या शीर्षकात नाही. गंगाराम चिंतामण तांबट हा पुण्याचा चित्रकार वेल्स यायच्या आधीपासून मॅलेटसाठी काम करत होता. पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं त्याचं 1790चं चित्र आहे. वेल्सबरोबर त्याने विलायती रीत आत्मसात केली आणि लेण्यांची चित्रं काढली. मॅलेटचा वेरूळवरचा लेख 1799मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सहाव्या खंडात आला. तो लेख मापांचा आहे, लेणं किती लांब, किती उंच, खांब किती, मूर्ती कोणती याचा. गंगारामची चित्रं त्या कामासाठी होती. त्याची बरीच चित्रं आणि वेल्सची रोजनिशी आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. हीम्सकर्कपासून वेल्सपर्यंत सगळे या कुळात दुरून आलेले. गंगाराम पुण्याहून वेरूळला गेला तो त्याच मुलुखातला, तीच भाषा बोलणारा, जानवसा म्हणजे काय हे कोणाला न विचारता समजणारा. त्याची चित्रं आणि डॅनियलची छापचित्रं एकाच दालनात शेजारी लावून मराठी माणसांना दाखवण्याचं काम पुण्यामुंबईतल्या एखाद्या संग्रहालयाने हाती घ्यायला हवं.